पालथी करवंटी

अहो,

"प्रिय" वगैरे लिहायला बसले तर तुम्हीच तिकडून माझ्या माहेरगावाच्या नावानं हाक मारून म्हणाल, "सोलापूर, एवढं गोड कोण्हास लिहितीस ग?" म्हणून नुसतं अहो. आयुष्यभर तेवढंच पुरलं, आताही पुरेल.

आज तंजावरहून परत आले. तुमच्याच हॉस्पिटलातून, तुमच्याच डॉक्टरीणबाईंकडून! एमआरआयच्या ज्या भोंग्यात तुम्ही जाऊन आला होतात, त्याच भोंग्यात आज मी जाऊन आले. माझ्या डोक्यातल्या रक्तवाहिन्यांचे फोटो काढले. काळ्या फिल्मांचं मोठं पाकीट पुढ्यात पडलंय आणि मी एकटीच हसत बसलेय. जानकी म्हणाली, "आई, सारखी काय हसतेस? कुणाला तरी सांग तरी." आता कुणाला सांगू? ही गोष्ट तुमच्याशिवाय कुणाला पुरती कळायची नाही.

निकाल काय लागला ते मी आत्ता सांगणार नाही. माझी एक गोष्ट तुम्ही कधी शेवटपर्यंत ऐकली नाहीत. मध्येच "कॉफी देतीस?" म्हणून उठायचात. आता बसा गप्प आणि ऐका. आता कुठे जाणार आहात?

तर झालं असं, की गेल्या द्वादशीला आपल्या विठोबाच्या मठात माझं सांबार खारट झालं.

खारट म्हणजे थोडं जास्त, असं नाही हो. समुद्र! तुम्ही गेल्यापासून द्वादशीचा नैवेद्य मी करते, हे तुम्हाला ठाऊक असेलच. सुरुवातीला दोघातिघांनी भुवया वर केल्या, बाईमाणूस, त्यातून नवरा गेलेली. मठात भजन म्हणणाऱ्या गोपाळरावांनी चिपळी खाली ठेवून एकच विचारलं, "मग तुम्ही रांधणार?" त्यावर कुणी पुढे आलं नाही आणि चूल माझ्याकडे आली. तेव्हापासून सगळं नीट चाललं होतं. आणि अचानक हे. शेवटच्या पंगतीला मी पान घेतलं, पहिला घास तोंडात घातला आणि हातातला दुसरा तसाच पानात ठेवला.

कारण तुमचंही असंच सुरू झालं होतं.

आठवतं? तुमच्या हाताची काय ख्याती होती! दिवसभर दुकानात बसून नाचियार्कोविलच्या पितळी समया विकणारा माणूस, पण द्वादशीला सकाळी पंचा कमरेला खोचून मठाच्या चुलीपुढे उभा राहिला की राजा. नैवेद्य चाखायचा नाही, हा आपल्या मठाचा नियम. चाखायचा तर नाहीच, मुद्दाम वाससुद्धा घ्यायचा नाही. आधी देव, मग आपण. त्यामुळे सगळा कारभार तुमच्या हातावर. मूठ मिठाच्या खड्यांत घालायचात, बाहेर काढून एकदा बोटं सैल करायचात, दोन खडे परत खाली पडायचे, आणि उरलेलं सांबारात. बस्स! मी सोलापूरहून नवी नवरी म्हणून आले तेव्हा मला वाटायचं, हा काय जादूगार आहे की काय. वर तुमची ती फुशारकी, "सांबार म्हणजे आमचं! आमच्या तंजावरच्या राजवाड्यात जन्मलं, इडलीवाल्यांनी मागाहून उचललं!" शेजारच्या तमिळ वाड्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं सांगायचात.

आणि एका द्वादशीला तेच सांबार तोंडात धरवेना.

लोकांची तोंडं आठवतात मला. सगळे मान खाली घालून जेवताहेत. पाण्याचे तांबे फिरताहेत. ताकाचं पातेलं बघता बघता तळाला गेलं. पण बोलायचं कुणी? प्रसादाला नाव ठेवू नये, हे तर बाळकडू. आणि तुमची ती चुलत बहीण रुक्मिणी! डोळ्यांत पाणी आलेलं, नाक लाल झालेलं, आणि म्हणते काय, "अण्णा, अमृत हो, अमृत!" मला हसावं की रडावं कळेना.

मी मात्र घरी येताना तुम्हाला सांगितलं. आम्ही सोलापूरची माणसं, पोटात ठेवत नाही. म्हटलं, "सांबार खारट झालं होतं." तुम्ही काय म्हणालात? "पांडुरंगानं तर सगळं खाल्लं. एक शब्द बोलला नाही." मी म्हटलं, "त्याचं बीपी कुणी मोजलंय?" रस्त्यात उभे राहून हसलो आपण दोघं. फुलवाली बघत राहिली.

तुमचं मात्र मोजलेलं होतं. कितीतरी वर्षांपासून! तो काटा नेहमी वरच. आणि तुमचं उत्तर नेहमी एकच, "मला चोखोट वाटतं, मग गोळी कशास?" चोखोट म्हणे, छान! अहो, दाब काय दार वाजवून सांगून येतो का? डोकं दुखत नव्हतं, चक्कर येत नव्हती, म्हणून तुम्ही स्वतःला पैलवान समजत होतात. गोळी हातात दिली की "हो हो" म्हणायचात. आणि मग मी तुळशीची माती बदलायला घेतली तर काय, खाली पांढऱ्या गोळ्यांची रास! त्या दिवशी मी जो आवाज केला तो कुंभेश्वराच्या देवळापर्यंत गेला असेल. पण एक खरं हं, एवढ्या गोळ्या खाऊन आपल्या तुळशीचं बीपी मात्र कधी वाढलं नाही.

रागावू नका. ते आता मी हसत लिहितेय. तेव्हा हसू नव्हतं.

कारण खारटावर थांबलं नाही ते. पुढच्या खेपेला सारात मीठच नव्हतं. त्याच्या पुढच्या खेपेला डाळ शिजायच्या आधीच तुम्ही फोडणी करून ठेवलीत आणि तिच्याकडे बघत उभे राहिलात, जणू पुढे काय करायचं ते तिनं सांगावं. नावं सगळी आठवत होती तुम्हाला, माणसं आठवत होती, सगळे अभंग पाठ. पण क्रम चुकायला लागला. आधी काय, मग काय, हे हातातून निसटायला लागलं. दुकानातही तेच. समई पुसायचात, गुंडाळायचात, आणि गिऱ्हाईक हात पुढे करून उभं असताना परत सोडून पुसायला घ्यायचात. आणि सगळीकडे तोच शिष्टाचार! कुणी काही बोलायचं नाही. मठात प्रसाद म्हणून गप्प, दुकानात मोठा माणूस म्हणून गप्प. शेवटी जानकीनंच कंबर कसली. "अप्पा, हे नुसतं वय नाही, डॉक्टरकडे चला," म्हणाली आणि गाडीत घातलं तुम्हाला.

त्या भोंग्यापुढचा तुमचा तमाशा मी आज परत परत आठवला. धातूचं काही आत न्यायचं नाही, असं तो फोटो काढणारा मुलगा सांगत होता. अंगठी काढलीत, घड्याळ काढलंत, आणि कनवटीला बांधलेला बोटभर पितळी विठोबा मात्र काढायला तयार नाही! वर त्यालाच शिकवायला लागलात, "तंबी, पितळ चुंबकास चिकटत नाही. मी पितळेचा व्यापारी आहे, मला सांगतोस?" तो बिचारा हात जोडून म्हणतो, "अय्या, नियम आहे." शेवटी विठोबा माझ्या पदरात बांधला आणि तुम्ही रुसून आत गेलात.

आणि आत गेल्यावर? यंत्र ठोकायला लागलं तशी तुमची पावलं ताल धरायला लागली! बाहेर काचेतून आम्ही बघतोय, पांढऱ्या चादरीखालून दोन अंगठे नाचताहेत. त्या मुलानं माईकवरून ओरडावं, "असैयादींग अय्या, हलू नका!" आणि तुम्ही दोन क्षण थांबून परत सुरू. फोटो हलला, पुन्हा काढावा लागला. बाहेर आल्यावर आधी काय बोललात? "सोलापूर, त्यास ताल चोखोट येतो, पण सम सापडत नाही." जानकी मघापासून डोळे पुसत होती, ती एकदम फसकन हसली.

डॉक्टरीणबाईंनी मग पडद्यावर ते फोटो दाखवले. मानेतून वर चढणाऱ्या मोठ्या वाहिन्या, त्यांच्या फांद्या, फांद्यांच्या फांद्या. काही ठिकाणी वाट बारीक झालेली, एके जागी तर दोऱ्याएवढी. त्या म्हणाल्या, दाब वर्षानुवर्षं जास्त राहिला की या भिंती जाड होतात, ताठ होतात. सगळ्यात आधी मार बसतो तो अगदी आत खोलवर जाणाऱ्या बारीक वाहिन्यांना. त्या एवढ्या बारीक की फोटोत येत नाहीत, पण त्यांनी मागे सोडलेले डाग येतात. आणि त्यांनी ते पांढरे डाग बोटानं दाखवले.

तुम्ही चष्मा नाकावर ढकलून कितीतरी वेळ बघत राहिलात. मला वाटलं, घाबरलात. आणि म्हणालात काय, "म्हणजे कावेरीस पाणी आहे, पण शेवटच्या शेतास पोचत नाही." बाई चकित झाल्या. त्यांचे वडील तिरुविसनल्लूरकडचे, भाताची शेती असलेले. म्हणाल्या, "अगदी तेच. सुकलेलं शेत मी परत हिरवं करून देईन असं म्हणत नाही. पण पाट सांभाळले तर बाकीची वाचतील." तुम्ही मान डोलावलीत. पाटाचं गणित तुम्हाला गोळीपेक्षा लवकर पटलं.

त्या दिवसापासून मी नियम केला, गोळी पोटात गेलेली दिसल्याशिवाय फिल्टरची कॉफी नाही. तोंड उघडून जीभ वर करून दाखवायची! काय चिडायचात! "मी काय शाळेतला पोरगा आहे?" पण कॉफीसाठी तुम्ही काहीही केलं असतंत. माझ्यावर जीव होता हे मला माहीत आहे, पण कॉफीवर जरा जास्तच होता.

आणि मग प्रश्न उभा राहिला, द्वादशीचं काय? जानकी म्हणाली, अप्पांनी आता बंद करावं. तुम्ही? नुसते उठून परसात गेलात आणि नारळाच्या ढिगाशी उकिडवे बसलात. मला वाटलं, रडताय. बघते तर करवंट्या निवडताय! त्या घासल्यात, काचकागदानं गुळगुळीत केल्यात, आणि माझ्यापुढे ओळीनं मांडल्यात. मी म्हटलं, "अहो, आमच्याकडे हातात करवंटी आली म्हणजे माणूस भिकेला लागला म्हणतात!" तर म्हणालात, "पितळेत मीठ ठेवू नये, कळकतं. हे बरं." तुमची युक्ती साधी होती. जितकी पातेली तितक्या करवंट्या. प्रत्येक पातेल्याशेजारी एक, मीठ आधीच भरून ठेवलेली. मीठ घातलं की करवंटी पालथी. उताणी दिसली म्हणजे घालायचंय, पालथी दिसली म्हणजे झालंय. कुणी विचारायला नको, कुणी चाखायला नको, नियमही मोडायला नको.

अहो, तुमच्या त्या सुकत चाललेल्या शेतातून हे पीक कुठून आलं? मला आजही नवल वाटतं.

मीठ मात्र मी भरायचे. आणि दर खेपेला तुमच्या जुन्या मुठीपेक्षा थोडं कमीच भरायचे, हे तुम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. कळलं होतं का? असेल तर तुम्ही बोलला नाहीत. आणि लोकांनाही गोडच लागलं.

पुढची सगळी वर्षं तुम्ही त्या करवंट्यांच्या जोरावर चूल सांभाळलीत. हळूहळू कमी होत गेलं बरंच काही. सांबार माझ्याकडे आलं, मग भात आला, शेवटी तुमच्याकडे एक सारच राहिलं. ते कथलाचं भांडं आणि एक करवंटी. तुमच्या शेवटच्या द्वादशीला तुम्हाला "सार" हा शब्दही सापडत नव्हता. "ते... ते तांबडं," म्हणालात. पण करवंटी उचललीत, मीठ घातलंत, ती पालथी ठेवलीत, आणि वळून माझ्याकडे बघून हसलात. "झालं. चोखोट." तुमचं ते हसू मी कुठे ठेवलंय ते सांगत नाही, तुमची कॉलर ताठ होईल.

मग एका सकाळी कॉफी झाली म्हणून हाक मारायला आले, तर तुम्ही निघून गेला होतात. कॉफी न घेता! आयुष्यात पहिल्यांदा. त्यावर मी अजून रुसलेय, सांगून ठेवते.

तुम्ही गेलात तशा त्या करवंट्या मी कापडात बांधून माळ्यावर टाकल्या. डोळ्यांसमोर नकोच वाटल्या. दर द्वादशीला त्या ओळीनं मांडायच्या आणि मांडणारा नाही, हे जमेना मला. म्हटलं, माझी काही अक्कल गहाण पडलेली नाही, माझं मीठ मला आठवतं.

आणि आता हे! सांबार खारट. सगळी पंगत मान खाली घालून. तांबे फिरताहेत. ताक संपलं. रुक्मिणी नाक लाल करून म्हणतेय, "वैनी, अमृत हो!" तोच शब्द, तेच लाल नाक. ती शांतता मी ओळखते हो. तुमच्यासाठी अशीच पसरली होती ती.

घरी येऊन जानकीला म्हटलं, "ते तुझं यंत्र आण." दंडाला पट्टा बांधला, काटा वर. परत मोजला, परत वर. जानकीचं तोंड एवढंसं झालं. मी हसून म्हटलं, "तुझ्या अप्पांनी जाताना वारसा ठेवला मला." पण खरं सांगू? घाबरले होते. तुम्हाला सांभाळायला मी होते. मला कोण? जानकीला तिचा संसार, तिची शाळेतली नोकरी. आणि सगळ्यात मोठी भीती ती नव्हतीच. तुमच्या आठवणी आता माझ्याचकडे तर आहेत! तुमच्या पावलांचा ताल, पदरातला विठोबा, ते "झालं, चोखोट", हे सगळं माझ्याच डोक्यात आहे. तेच पुसलं गेलं तर तुम्ही परत एकदा जाल की हो.

म्हणून आज गेले. गेल्या गेल्या तिथे नाकातली मुक्कुत्ती निघेना! तुम्ही घेऊन दिलेली, इतक्या वर्षांत कधी काढलेली नाही. दोन नर्सा खोबरेल लावून माझं नाक पिरगाळताहेत, मी शिंकतेय, जानकी हसतेय. शेवटी निघाली. मग बाईंनी आधी डोक्याची परीक्षा घेतली. पाच शब्द सांगितले, मागाहून विचारले, सगळे सांगितले. घड्याळ काढायला लावलं, काढलं. आजची तारीख विचारली. तारीख कुणाला माहीत? मी म्हटलं, "तारीख ठाऊक नाही, दशमी आहे. उद्या उपास, परवा स्वयंपाक." बाईंनी भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं, हसल्या आणि पुढे गेल्या.

भोंग्यात शिरले. आणि ते ठोकायला लागलं. ठक ठक ठक, घर्र. अहो, तुम्ही म्हणालात ते अगदी खरं, त्याला सम सापडतच नाही! मला आतून हसू फुटलं. ओठ दाबून, डोळे मिटून, एक बोट न हलवता पडून राहिले. माझा फोटो पहिल्या फटक्यात आला, बरं का. तुमच्यासारखा नाही.

आता निकाल. ऐका.

एका वाहिनीत थोडीशी वाट अरुंद आहे. थोडीशीच. आत एखादाच ठिपका. बाकीचे पाट वाहताहेत. बाई म्हणाल्या, "फोटोत वाटा दिसतात, स्मरण दिसत नाही. ते मी तुमच्याशी बोलून बघितलं आणि ते उत्तम आहे. पण दाब जास्त आहे. वेळेवर आलात. आता गोळी, कमी मीठ आणि रोज चालणं." मी म्हटलं, "मग माझं सांबार का खारट झालं?" त्या म्हणाल्या, "त्याचं उत्तर या फोटोत नाही हो अम्मा."

येताना गाडीत मी निम्मी सुखात, निम्मी कोड्यात. घरापाशी आलो तर आपल्या दारापुढच्या ओट्यावर, तिण्णैवर, एका टोकाला रुक्मिणी, दुसऱ्या टोकाला गोपाळराव, मध्ये मैलभर अंतर, दोघांची तोंडं सुतकी. मी गाडीतून उतरले तशी रुक्मिणी धावली आणि तिनं माझे हात धरले.

"वैनी, डोक्याचा फोटो काढावयास गेलां म्हणून ऐकलें. तुम्हांस कांहीं झालें नाहीं! मीठ मीच घातलें सांबारांत!"

मी म्हटलं, "तू?"

"तुम्ही घातलें कीं नाहीं, कळेना. विचारूं कशी? अण्णांची आठवण निघेल, तुम्हांस वाईट वाटेल. म्हणून गुपचूप घातलें."

मी काही बोलणार एवढ्यात तिकडून गोपाळरावांनी घसा खाकरला. "रुक्मिणी, तूं घातलेंस? मग मी कशाला घातलें?"

अहो, गोपाळराव! ज्या माणसाला स्वयंपाकघराचं दार कुठल्या बाजूला उघडतं ते माहीत नाही! पाणी प्यायच्या निमित्तानं आत आले, तर मी म्हणे चुलीपुढे डोळे मिटून उभी. त्यांना वाटलं, वहिनी विसरल्या, भरकटल्या. रुक्मिणी पानं मांडायला गेलेली. घातली मूठभर! "किती?" म्हणून विचारलं तर भजनात टाळ उचलतात तशी भली मोठी मूठ करून दाखवली.

म्हणजे माझं मीठ, वर रुक्मिणीचं, वर गोपाळरावांचं! आणि मग खारट झालेलं दोघांनीही ओळखलं, दोघांनाही वाटलं आपल्याचमुळे, आणि दुसऱ्याच्या नैवेद्याला न विचारता हात लावला म्हणून दोघंही लाजेनं चूप. वर अमृत! मी तिण्णैवर बसले आणि इतकी हसले, इतकी हसले, की जानकी गाडीतलं पाणी घेऊन धावत आली. मग ती हसायला लागली. मग रुक्मिणी. गोपाळराव बराच वेळ गंभीर राहिले आणि मग त्यांची शेंडीच हलायला लागली.

आणि मी डोळे मिटून का उभी होते, सांगू? तुमच्या मुठीची आठवण काढत होते. दोन खडे कसे परत खाली पडायचे ती.

चूक कुणाची म्हणायची? एवढी माया, आणि तोंड उघडायची चोरी! तुमच्या वेळीही तेच झालं. सगळे तुमच्यावर जीव टाकणारे, आणि त्याच जिवापोटी कुणी बोललं नाही. पहिल्या खारट घासालाच कुणी पंगतीत म्हटलं असतं, "अण्णा, आज काय झालं?" तर त्या फोटोत पांढरे डाग थोडे कमी असते की नाही, कोण जाणे. त्याबद्दल मी कुणाला बोल लावत नाही. तुम्हाला लावते, थोडासा. तुळशीच्या मातीबद्दल.

तर आता माझं ठरलंय. तिण्णैवरच तिघांना बसवून सांगितलं. परवा द्वादशीला माळ्यावरचं ते कापड खाली निघणार. करवंट्या ओळीनं मांडणार, मीठ मोजून भरणार, कमीच, आणि घातलं की पालथी. रुक्मिणी, तू बघ. गोपाळराव, तुम्ही दारातूनच बघा, आत येऊ नका! आणि नैवेद्य झाल्यावर पहिला घास घेतला की प्रत्येकानं मोठ्यानं सांगायचं, मीठ कसं आहे. गोपाळराव म्हणाले, "प्रसादाला नाव कसें ठेवावें?" मी म्हटलं, "प्रसाद देवाचा, त्याला ठेवू नका. मीठ माझं, त्याला ठेवा." ते त्यांना पटलं.

कधी ना कधी तो दिवस येईलही. मीठ न घालताच करवंटी पालथी घालीन मी. तेव्हा जानकीनं मला तोंडावर सांगायचं, हे तिच्याकडून कबूल करून घेतलंय. आणि मी "पांडुरंगानं खाल्लं" असं म्हणणार नाही. पाकीट काखेत मारून सरळ बाईंकडे जाईन. हे माझं तुम्हाला वचन.

दुसरं वचन, गोळी माझ्या पोटात जाईल, तुळशीच्या नाही. आधी गोळी, मग कॉफी. आज पहिली घेतली. जानकीपुढे जीभ वर करून दाखवली आणि तुमची आठवण येऊन भर स्वयंपाकघरात रडले थोडी. सुखानंच हो.

आणि पत्र लिहायच्या आधीच एक काम केलंय. माळ्यावर चढून तुमची ती साराची करवंटी तेवढी आज काढली. पुसून तुमच्या फोटोपुढे ठेवलीय. पालथी. 'गोळी घेतलीस का ग?' म्हणून सारखं डोकावून विचारायला नको तुम्हाला.

झालं. चोखोट.

तुमचीच,
सोलापूर